लग्नाला जवळची, सहीला लांबची

...अरे, हलू नकोस म्हटलं ना! बोललास की पोट हलतं, पोट हललं की टाचणी सरकते, आणि टोचली की तूच म्हणणार, मुद्दाम टोचली. मी कशाला मुद्दाम टोचेन? सख्ख्या मावशीचा मुलगा तू माझा. हात जरा बाजूला घे. असा. आता आरशात बघ आणि गप्प उभा राहा — गप्प राहणं तुला जमतं, आमच्या बाबतीत तर इतकी वर्षं उत्तम जमलंय. बाकी कोट छान टिकलाय हं. तुझ्या लग्नासाठी शिवला होता ह्यांनी, आठवतंय? कोट लग्नाला गेला, आम्हाला बोलावणं आलं नाही. असो! आता लेकीच्या लग्नात तोच घालणार म्हणतोस, फक्त बटण लागत नाही. लागेल कसं? कोट होता तेवढाच राहिला, माणूस सुखात वाढला. घाबरू नकोस, आत माया आहे बरीच. माया म्हणजे शिवणीच्या आतलं जास्तीचं कापड रे, पुढं अंग सुटलं तर उसवून वाढवता यावं म्हणून सोडतात. तुझ्या भावाची खोडच ती. लोकांचं कापड वाचवून स्वतःला टोप्या शिवणारे शिंपी मी पाहिलेत, हे मात्र सगळं आत दडवून परत द्यायचे. म्हणायचे, असू दे, कोण कधी वाढेल सांगता येत नाही.

काय बघतोस? 'ह्यांनी' म्हटलं म्हणून? आत्ता दुकानात गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक असलं की मीही 'दादा'च म्हणते, तुझ्यासारखी — दादा, ह्या बाईंच्या बाह्या झाल्या का; दादा, इस्त्री तापली का. आणि तो मागचा पडदा सरकवून आत गेलं की 'अहो'. साधा फुलाफुलांचा पडदा आहे, पण त्याच्या अलीकडे मी बहीण आणि पलीकडे बायको. उगाच हसू नकोस, हसण्यासारखं आहे पण हसू नकोस, टाचणी आहे. ह्या गावात सगळंच असं आहे. खिडकीतून तो पूल दिसतो ना? त्याच्या ह्या टोकाला मावशीचा मुलगा म्हणजे भाऊ. त्या टोकाला मावशीचा मुलगा म्हणजे स्थळ! मध्ये नदी, तीही काही फार मोठी नाही, उन्हाळ्यात म्हशी चालत जातात. पण कायदा चालत जात नाही, तो ह्या काठावर पाय न भिजवता उभा असतो. मी पूल ओलांडला की माझं रक्त बदलतं बहुतेक. परत आले की पुन्हा होतं तसं.

आणि पुलाआधीचं शेवटचं शिंप्याचं दुकान आमचं, म्हणून अशी जोडपी सगळी इथेच यायची. इकडे लग्न होत नाही म्हणून तिकडे निघालेली, आणि वाटेत आठवायचं — अरे, नवरीला कपडे नकोत का! मग मी अशीच टाचण्या घेऊन बसायची आणि नवरी जिथे तू उभा आहेस तिथे उभी राहून बडबडायची. नवरीची जीभ काय सैल सुटते म्हणून सांगू! कुठून कुठून यायच्या. एक म्हणाली, आमच्याकडे काकाचाच मुलगा करायचा, म्हणजे जमीन घरातल्या घरात राहते. दुसरी हे ऐकत इथे बाकावर बसली होती, तिनं असं तोंड केलं, भातात केस सापडल्यासारखं — काकाचा मुलगा? शी! तो तर भाऊ. आमच्याकडे मामाचा मुलगा करतात. मी म्हटलं, अगं, काका बापाचा भाऊ, मामा आईचा भाऊ, दोन्हीकडून अंतर तेवढंच, मग एक गोड आणि एक शी कसा? तर म्हणे, तसंच असतं. आणि मावशीचा? असं विचारल्यावर मात्र दोघींचं एकमत झालं नाही, भांडणच लागलं, शेवटी मला दोघींना वेगवेगळं बसवावं लागलं. तिसरी आली ती म्हणाली, रक्ताचं काही नाही हो, पण एकाच बाईच्या अंगावर प्यालेली दोन बाळं असतील तर त्यांचं लग्न होत नाही, मग ती परक्या घरची का असेनात. घ्या! कुठे रक्त चालतं पण दूध चालत नाही. आणि एक विधुर आले होते, त्यांना मेलेल्या बायकोच्या बहिणीशी लग्न करायचं होतं. रक्ताचा थेंब तरी होता का मध्ये? नव्हता. पण त्यांच्या आजोबांच्या काळी त्यांच्याकडे त्यालाही बंदी होती म्हणे. मग कोणीतरी वर बसलेल्याला स्वतःलाच मेहुणी करायची असेल, बंदी उठली.

नाही, डॉक्टर सांगतात त्यात काहीच नाही असं मी म्हणत नाही. मी काही अडाणी नाही. एकच घर पिढ्यान् पिढ्या आपल्यातच लग्नं करत राहिलं की पोरांना त्रास होतो, मी पाहिलंय — एक जोडपं बाळाला दाखवायला आलं होतं, मी पाठीमागे कात्री आपटली तरी त्या बाळानं मान वळवली नाही. त्याची आई माझ्याकडे बघत राहिली. ते विसरता येत नाही. म्हणून तर आम्ही... असो. पण कायद्याला बाळाची एवढी काळजी, तर दोन म्हातारी आली होती त्यांचं काय? चुलत भावंडं, दोघांचेही जोडीदार गेलेले, दोघांचेही दात गेलेले. उरलेले दिवस एकमेकांच्या सोबतीनं काढू म्हणाली. त्यांनाही इकडे नाहीच म्हटलं! आता त्यांना कुठली बाळं होणार होती? व्हायचे ते आजार, तेही होऊनच गेले होते. बिचाऱ्या आजोबांना पूल चढवेना, आम्ही हातगाडीवर बसवून पोचवलं त्यांना. वरात म्हणजे काय वरात!

मला विचारशील तर — तू विचारणार नाहीस, पण मीच सांगते — ज्याला ज्याची भीती, तो त्याचा कायदा करतो. ज्याला जमीन जाईल ही भीती, तो म्हणतो, घरातच करा. ज्याला शेजाऱ्याशी वैर होईल ही भीती, तो म्हणतो, मुली बाहेर द्या, चार घरं जोडा. एका छताखाली वीस माणसं राहात असतील तर तरण्या पोरांना आधीच सांगून ठेवावं लागतं, ही तुझी बहीण हं, नाहीतर घर चालायचं नाही. ते मला पटतं. मग ते छत जातं, वीस माणसं वीस गावांना जातात, भीती विरते आणि कायदा तेवढा उरतो. आणि आपल्या घराण्याचं तर विचारूच नको! तुझ्या दिवाणखान्यात पणजोबा-पणजीचा तो मोठा फोटो आहे ना, सोनेरी चौकटीचा, पाहुण्यांना दाखवतोस तो? ती दोघं कोण होती एकमेकांची? आत्याचा मुलगा आणि मामाची मुलगी. तेव्हा चालत होतं इकडे. त्यांच्यानंतर कायदा झाला. म्हणजे त्यांनी केलं ते घराणं, आम्ही केलं ते थेर! तुझी आई आणि माझी आई, सख्ख्या बहिणी, एका ताटात जेवलेल्या — आम्ही नातं जोडलं म्हणून त्या दोघींनी तोडलं. मेल्या तरी एकमेकींशी बोलल्या नाहीत. म्हणे, लोक काय म्हणतील. लोक काय म्हणाले शेवटी? लोक म्हणाले, ब्लाऊज गळ्यापाशी जरा सैल करा.

उजवा हात वर. दुखतो का खांदा? बरं, तेवढाच वर. तू होतास रे त्या दिवशी, आठवतं ना? मिसरूड फुटलं नव्हतं नीट. माझी पिशवी तुझ्या हातात होती आणि पुलावर वारा इतका की तुझी टोपी नदीत गेली, तू रडकुंडीला आलास. तिकडच्या कचेरीत म्हणाले, दोन साक्षीदार हवेत. एक बाहेरचा चहावाला धरून आणला, आणि दुसरा तू. तूच पुढं झालास, आम्ही सांगितलं नव्हतं. चहावाला केव्हाच वारला. सही करून बाहेर आल्यावर तू मला वाकून नमस्कार केलास आणि म्हणालास — काय म्हणालास ते तुला आठवत नसेल. मला आठवतं. त्यानंतर मात्र तू मला कधी काही म्हटलंच नाहीस, ताई नाही, वहिनी नाही, नुसतं 'अगं, ऐक' — म्हणजे कुठल्याच काठावर उतरायला नको. आणि तुझी लेक मला आत्या म्हणते. म्हणते आणि किती गोड म्हणते! काकू म्हणायला हवं तिनं, पण तिला कोण सांगणार? तिच्या होणाऱ्या सासऱ्यांना तू सांगितलंयस की आमचे थोरले बंधू अविवाहित, मावसबहिणीबरोबर राहतात, दोघंही साधी, शिवणकामात रमलेली. कळतं मला सगळं, त्यांची शेजारीण माझ्याकडे कपडे शिवते.

पाठ कर इकडे. हं. आता ऐक, कारण हे तुला दवाखान्यातल्या लोकांनी अर्धंच सांगितलं असणार. हे पडले ते इथेच, त्या इस्त्रीच्या टेबलाशी. मी धावले, रिक्षा केली, दवाखान्यात पोचले, आणि त्या खिडकीतल्या बाईनं विचारलं, तुम्ही पेशंटच्या कोण? आणि माझ्या तोंडातून गेलं — बहीण. कसं गेलं म्हणून काय विचारतोस, सवयीनं गेलं! घरमालकाला बहीण, पोस्टमनला बहीण, शेजारणीला बहीण, जन्मभर जीभ त्याच रुळावरून धावलेली, ती काय त्या क्षणी रूळ सोडणार होती? झालं. लिहिलं त्यांनी. मग दोन दिवसांनी ह्यांना जरा जाग आली, तोंड वाकडं झालंय पण बोलणं कळतं, आणि पहिलं काय म्हणाले? माझी बायको कुठाय. मी समोरच बसले होते. माझा हात धरला आणि नर्सला म्हणाले, ही माझी बायको, हिला जेवायला द्या. नर्स माझ्याकडे बघून हळूच म्हणते कशी, मनावर घेऊ नका हं ताई, ह्या आजारात नात्यांचा गोंधळ होतो. मोठ्या डॉक्टरांनीही रोज विचारलं — ह्या तुमच्या कोण? आणि ह्यांनी रोज तेच सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पडद्याच्या अलीकडे, चारचौघांत, मोठ्यानं, त्या वाकड्या तोंडानं! आणि डॉक्टरांनी लिहिलं — पेशंट भ्रमात आहे, सख्ख्या माणसांना ओळखत नाही. त्या सबंध दवाखान्यात तेवढा एकच माणूस खरं बोलत होता, त्याला वेडा ठरवलं.

मी सांगितलं ना! तुला काय वाटलं, मी गप्प बसले? गप्प बसण्याचा मान मी तुला दिलाय. मी गेले डॉक्टरांकडे, म्हटलं, मी बायकोच आहे. ते म्हणाले, तुम्ही परवा बहीण म्हणालात. म्हटलं, तेही खरं आहे. मग त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, शेजारची खाट मलाच देतात. तिकडचा दाखला नेऊन दाखवला, तर म्हणाले, पुलापलीकडचा कागद इथे चालत नाही. मग खिडकीतल्या बाईकडे गेले. म्हटलं, बरं बाई, मी बहीणच, मी नेते ह्यांना घरी, मी करते ह्यांचं सगळं, द्या कुठे सही करायची ती. तिनं चष्म्यावरून बघत विचारलं, सख्खी का? म्हटलं, मावस. तर म्हणते, मग तुम्ही जवळच्या नात्यात येत नाही! मला इतकं हसू आलं, इतकं हसू आलं की मागच्या रांगेतला माणूस पाणी घेऊन आला. अरे, ज्या नात्यापायी इकडे लग्न होऊ दिलं नाही, ते नातं फार जवळचं म्हणून! आणि आता सही करायला तेच नातं लांबचं! लग्नाला जवळची, सहीला लांबची. हे मोजमाप ज्यानं घेतलं ना, त्याच्याकडे मी रुमालसुद्धा शिवायला टाकणार नाही.

आणि मग जवळचं कोण? तू! पेशंट शुद्धीत नाही म्हटल्यावर सख्खा भाऊ ठरवणार. आणि तू ठरवलंस. उद्या सकाळी गाडी येणार, ह्यांना तुझ्या शहरात न्यायचं, त्या कुठल्याशा संस्थेत ठेवायचं. बाग आहे म्हणे तिथे. ह्यांना बाग कशाला हवीय? जन्मभर ह्या खिडकीपाशी बसून काजं केली त्या माणसानं, त्याला ही खिडकी हवी आणि माझी मशीन ऐकू यायला हवी. रात्री मशीन थांबली की ह्यांना जाग यायची, माहितेय? थांबली की! आणि तिथे नर्स रोज समजावणार, आजोबा, तुम्हाला बायको नाही. रोज. औषधासारखं, दोन वेळा. शेवटी हे म्हणतील, हो, नाही. आणि मग सगळे खूश होतील, की आजोबा बरे झाले.

मला ह्यांना सोडवत नाही रे. एवढंच आहे. बाकी हे नवऱ्या, दूध, जमीन, सगळी माझी बडबड आहे. मला ह्यांना सोडवत नाही.

थांब. उगाच डोळेबिळे पुसू नकोस, कोटाच्या बाहीला तर मुळीच नको. मला फक्त एवढं हवंय — तू त्या डॉक्टरांकडे जायचंस आणि सांगायचंस, की माझा भाऊ भ्रमात नाही, ती बाई खरंच त्याची बायको आहे, मी होतो तिथे. बस. ह्यांना वेडं नाही ठरवलं, तर ह्यांच्या तोंडचं ऐकावं लागेल, आणि कुठं जायचं ते हे स्वतः सांगतील. शिक्षाबिक्षा काही होत नाही, घाबरू नकोस, इकडे ते लग्न गुन्हा नाही, नुसतं नाहीच. पण तू सांगितलंस तर ते खोटं कसं म्हणतील? तुला भ्रम झालाय असं तर कोणी... आता बघ! हललास! टोचली ना? मी म्हटलं होतं, हलू नकोस.

का हललास पण?

आज सकाळी गेला होतास तू. डॉक्टर भेटले असतील. ते तर रोज सगळ्यांनाच विचारतात... म्हणजे तुलाही विचारलं. ह्यांचं लग्न झालंय का, असं विचारलं. आरशात बघ माझ्याकडे. खाली नको, आरशात.

आणि तू 'नाही' म्हणालास.

बरं. नाही, बरोबर आहे, लेकीचं लग्न आहे. हे होते का तिथे? जागे होते? ऐकलं का ह्यांनी? ...मान हलवू नकोस, कळलं. म्हणजे ह्यांनी ऐकलं. तू, ज्यानं सही केली, तू समोर उभा राहून नाही म्हणालास, आणि हे ऐकत होते. मग आता ह्यांना खरंच वाटू लागलं असेल, की आपलंच डोकं फिरलंय.

कोट काढ. सांभाळून, टाचण्या आहेत. दे इकडे. आतलं अस्तर बघितलंस कधी? इथं, बगलेपाशी — एवढी माया कोणी सोडत नाही कोटात. ही उसवली की बटण आरामात लागेल, लग्नात पोटभर जेवलास तरी लागेल. पण आज नाही उसवत मी. आज शिवण वाकडी जाईल, आणि वाकडी शिवण मी कोणाच्या अंगावर घालत नाही. कोट राहू दे इथे. नाहीतर असाच घेऊन जा, टाचण्यांसकट. व्याह्यांच्या पुढं टाचण्यांसकट उभा राहा, सवय होते, आम्हाला झाली.

काय? ...कुठे चाललास? कोट घे, बाहेर गार आहे. कोट तरी... अरे, दार ढकलायचं नाही, ओढायचं. आणि स्टेशनला जायचं तर उजवीकडे. दवाखाना डावीकडे.

...डावीकडे?

डॉक्टर असतात अजून, दुसऱ्या मजल्यावर. जिना चढून डाव्या हाताला. पण आधी ह्यांच्याकडे जा, ह्यांच्या देखत सांग. मोठ्यानं सांग, ह्यांना एका कानानं कमी येतं. आणि त्यांनी विचारलं, की ह्या बाई तुमच्या कोण, तर —

तर काय ते तुला माहितेय. जा. दार ओढून घे, वारा येतोय आत.